पाणी पिणारं कापड

वैशाख अर्धा सरला, मसाला कुटून झाला, सुकट डब्यात भरून झाली, की जयवंती माळ्यावरचं गाठोडं खाली काढायची. मग आठ-दहा दिवस पायमशीन आणि ती. यंदाही तिनं शिडी लावली, वर चढून कौलाखालच्या कोपऱ्यात हात घातला, तर हाताला नुसतं जळमट लागलं. गाठोडं तिथं नव्हतं.

तिनं सगळा माळा उपसला. जुने खराटे, कान तुटलेली घागर, पोचे पडलेला घंगाळ्याचा तळ, एकेक करून खाली अंगणात आलं. घामानं तिचं पोलकं पाठीला चिकटलं होतं. गाठोडं नव्हतं ते नव्हतंच.

त्या गाठोड्यात काय होतं म्हणाल, तर परक्याच्या दृष्टीनं चिंध्या. जयवंतीच्या दृष्टीनं ते चार वर्षं जमवलेलं सुती कापड होतं. नवऱ्याच्या, म्हणजे श्रीपतच्या, विरलेल्या लेंग्यांचे पाय, दोन चादरी, तिची स्वतःची धुऊन धुऊन लोण्यासारखी झालेली सहा पातळं आणि गेल्या दिवाळीनंतर तयार करून ठेवलेली तीसेक फडकी. घरात आता सुती येतच नव्हतं, हे तिचं मोठं दुखणं. मुलगा अल्पेश कंपनीत जाताना घालतो ते शर्ट सुती नव्हेत. सुनेच्या लेगिंगा नव्हेत. लग्नाकार्यात आहेर म्हणून येतात त्या साड्या तर चकचकीत, हलक्या आणि पाण्याला तोंड न लावणाऱ्या. असल्या साडीच्या तुकड्यानं लादी पुसली, की पाणी या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात फिरायला जातं, पुसलं काही जात नाही.

"कापड पानी पिलं पायजे," असं ती म्हणायची. तेवढी एकच परीक्षा. पाणी पितं ते कापड, बाकीचं दुकानदारांचं थोतांड.

तिच्या घरात फडक्यालाही बढती-उतरती होती. नवं मऊ फडकं आधी ताटं पुसायला, वर्षानं ओट्यावर, मग लादीला, मग दारात पायपुसणं आणि शेवटी न्हाणीच्या बंबात काकडा होऊन जळायचं. कांद्याच्या जाळीच्या पिशवीत नारळाचा काथ्या कोंबून ती भांड्याच्या घासण्या शिवायची. या कामात तिला जी मजा यायची, ती सांगता यायची नाही. शेजारणी टीव्ही बघत, ही धुतलेल्या फडक्यांची ओळ बघत बसायची.

रीमा सून म्हणून आली तीन वर्षांपूर्वी, विरारच्या फ्लॅटमधून. येताना तिनं ओट्यावर कागदाची जाडजूड गुंडाळी आणून ठेवली. पुसायचं आणि टाकायचं. जयवंती म्हणते, मी महिनाभर एक शब्द बोलले नाही. शेजारी म्हणतात, चार दिवस बोलली नाही. काही असो, पण एका दुपारी रीमा आपणहून मशीनपाशी येऊन बसली आणि तिथंच रमली. काठीच्या पोछ्याला उशीसारखी खोळ शिवायची, मळली की काढून धुवायची, ही कल्पना तिची. फडक्याला अडकवायला नाडी लावायची, ओट्याच्याला पांढरी आणि लादीच्याला लाल, म्हणजे सरमिसळ नको, हीही तिचीच. जयवंतीला आता डोळ्यांनी बारीक टाका दिसत नसे. म्हणून कापायचं सासूनं आणि कडा दुमडून शिवायच्या सुनेनं, अशी वाटणी झाली. गेल्या वर्षात पुसण्या-घासण्याची एकही वस्तू या घरात विकत आली नाही. रीमानं दोरीवरच्या फडक्यांचा फोटो काढून तिच्या आईला पाठवला होता.

अल्पेशला विरारला फ्लॅट घ्यायचा होता. स्टेशन जवळ पडेल, पावसाळ्यात खाडीचं पाणी अंगणात येणार नाही, नळाला पाणी असेल, त्याचं सगळं खरंच होतं. आजवर अडवलं होतं ते रीमानं. मला इथंच बरं वाटतं, असं ती म्हणायची. आणि हे ऐकलं, की जयवंती त्या दिवशी भाकरी जरा मोठी थापायची.

तर माळ्यावरून उतरलेली जयवंती मोरीत पाय धुवायला गेली, तेव्हा तिला निळा टब दिसला. नवाकोरा, प्लास्टिकचा.

मागच्या मंगळवारी ती केळी विकायला गिरीजच्या बाजाराला गेली होती, तेव्हा बोहारीण येऊन गेली, असं रीमा सांगत होती खरी. जुने कपडे घेऊन भांडी देणारी बाई. जयवंतीनं टब उचलला आणि ओल्या पायांनी स्वयंपाकघरात आली.

"ह्यो कशावर घेतलास?"

"अल्पेशच्या जुन्या जीन्स होत्या ना आई, आणि माझे दोन ड्रेस. तुम्हाला सांगितलं होतं मी."

"आनि माळ्यावरचं गाठोडं?"

रीमा म्हणाली, माळ्याला मी हातसुद्धा लावला नाही. जयवंतीनं तेच चार वेळा विचारलं आणि रीमानं तेच चार वेळा सांगितलं. पाचव्या वेळी जयवंतीनं विचारणं सोडलं आणि सांगायला लागली. तूच दिलंस. चुकून दिलं असशील, पण दिलंस. आम्ही दाणा दाणा करून जमवायचं आणि तुम्ही टबासाठी उधळायचं. दारात श्रीपत चपला घालत होता. तो थांबला, त्यानं दोघींकडे पाहिलं, फावडं उचललं आणि बांधाकडे निघून गेला. बायकांच्या भांडणात तो कधीच पडत नसे. गावात त्याचं त्यासाठी कौतुक होतं.

तेवढ्यावर राहिलं असतं तर निभावलं असतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याचा टँकर आला. वैशाखात इथल्या विहिरी मचूळ होतात, तोंडात घेववत नाही. म्हणून सगळा पाडा हंडे घेऊन रांगेत. जयवंतीच्या पुढं धोंडूबाई होती. तिचं वय कोणालाच ठाऊक नव्हतं आणि कान मात्र तिखट होते. तिनं सहज विचारलं, यंदा मशीन वाजत नाही गं तुझी.

"कशानं वाजनार, काकी? सुनेनं चार वर्साचं कापड बोहारनीला घातलं. टब आनला निळा. फ्लॅटातल्या पोरींना काय ठावं कशाची काय किंमत."

मग धोंडूबाईनं डोळ्यांनी मागं खूण केली. रीमा चार हंडे मागं उभी होती, शेजारच्या मनालीबरोबर. तिनं ऐकलं होतं. तिनं आपला हंडा भरला, डोक्यावर घेतला, घरी येऊन खाली ठेवला, वर झाकण घातलं. दुपारपर्यंत बॅग भरून ती माहेरी गेली. चार दिवस आईकडे जाऊन येते, म्हणाली. संध्याकाळी अल्पेश परस्पर तिकडेच उतरला आणि त्यानं फोन करून सांगितलं, की येत्या रविवारी तो फ्लॅट बुक करणार आहे आणि रीमा आता नको म्हणत नाहीये.

पुढचे दिवस जयवंतीला खायला उठले. राग कशावर काढायचा तेच कळेना. वापरातली फडकी जीर्ण झाली होती, हाताच्या पिळानं फाटत होती. तिनं आहेराची एक जांभळी साडी हिय्या करून कापली आणि चार थर एकावर एक घालून लादीचं फडकं शिवलं. ते पाण्यात टाकलं तर तरंगलं. पिळलं तर पिळायला त्यात काही नव्हतं. लादीवर फिरवलं, तर पाणी पुढं आणि फडकं मागं. त्यात विहिरीचं मचूळ पाणी, सुकल्यावर लादीवर मिठाचे पांढरे फराटे उठले. तिनं पुन्हा पुसली, पुन्हा फराटे. तिसऱ्यांदा बादली उचलून वळताना तिचा पाय सरकला आणि ती कोपरावर आपटली. पडल्या पडल्या तिनं त्या जांभळ्या फडक्याला दोन शिव्या दिल्या, आणि मग तिला रडू आलं. कोपर दुखत होतं म्हणून नव्हे. असली साधी लादी आपल्याला पुसता येऊ नये, याचा तिला भयंकर संताप आला होता.

श्रीपत दुपारी जेवायला आला, तेव्हा त्यानं तिच्या कोपराला हळद लावून दिली. इतकी वर्षं झाली, त्यानं आपणहून असं कधी केलं नव्हतं. जयवंतीला तेव्हाच शंका यायला हवी होती. पण राग मनात असला, की माणसाला दुसरं सुचत नाही.

शुक्रवारी बोहारीण पुन्हा पाड्यावर आली. टोपली डोक्यावर, हाक तीच. जयवंतीनं तिला अंगणात बसवलं, पाणी दिलं आणि गाठोड्याची चौकशी केली. ते परत मिळालं तर बदल्यात पितळेचा डबा द्यायची तिची तयारी होती.

बोहारीण आधी हसली आणि मग तिला थोडी दया आली असावी.

"सुती? ते मी घेतच नाय बाई. जुनं सुती आता कोण घेतो? माझ्याकडनं जीन पँट उचलतात, जरीची साडी उचलतात. तुझ्या सुनेनं दोन पँटी दिल्या आणि दोन डरेस. सुती दिलं असतं, तर मी तिथंच टाकून गेले असते."

बोहारीण गेली तरी जयवंती पायरीवर बसून होती. मग गेलं कुठं? चोर काय चिंध्या नेणार? आणि चिंध्यासुद्धा कशा, तर बोहारणीनंही नाकारलेल्या. तिला सुनेला बोललेला एकेक शब्द आठवायला लागला. ते नको म्हणून ती उठली, तांदळाच्या दोन भाकऱ्या आणि सुकटीची चटणी फडक्यात बांधली आणि श्रीपतला द्यायला निघाली. अमावास्येचं उधाण होतं, तो आज घरी जेवायला येणार नव्हता.

त्यांचं नऊ गुंठे भातशेत खाडीला लागून होतं. मध्ये मातीचा बांध, आणि बांधात उघाडी. म्हणजे पावसाळ्यात शेतातलं पाणी खाडीत सोडायची वाट आणि तिच्या तोंडावर लाकडी झडप. खाडीचं पाणी चढलं की झडप आपोआप मिटायची. गेली दोन वर्षं ती कुजत चालली होती. अर्ज देऊन झाले, माणसं येऊन बघून गेली, फोटो काढले गेले. झडप तिथंच होती आणि दर उधाणाला खारं पाणी आत झिरपत होतं. एकदा का शेत खारलं, की दोन पावसाळे भात उगवत नाही.

जयवंती बांधावर आली, तेव्हा भरती चढली होती. ऊन डोळ्यांत जात होतं, चिखलाला उग्र वास सुटला होता. श्रीपत गुडघाभर गाळात उभा राहून झडपेवर माती लिंपत होता. पलीकडे पाणी बांधाच्या काठाला आलेलं आणि अलीकडे शेत कोरडं, भेगाळलेलं. एक थेंब आत येत नव्हता.

तिला आधी बरंच वाटलं. मग तिला झडपेच्या फटीतून लोंबणारी लाल नाडी दिसली.

ती बसली आणि तिनं चिखल बोटांनी बाजूला केला. फटीत तिची पातळं होती, लेंग्यांचे पाय होते, रीमानं कडा मारलेली फडकी होती, एकावर एक, ठोकून ठोकून बसवलेली. पाणी पिऊन टम्म फुगलेली. म्हणूनच फट बुजली होती.

"गोणपाट घालून बघितलं," श्रीपत खाली बघत म्हणाला. "प्लास्टिक घातलं. काय ऱ्हात नव्हतं. तूच बोलतेस ना, सुती पानी पितं. पौर्णिमेचं उधाण आलं, दुसरं शोधायला टाईम नव्हता. तुला मागितलं असतं, तर तू दिलं नसतंस."

"आनि मी तिला बोलत होते तवा?"

"वाटलं, दोन दिसांत निवशील."

जयवंतीनं भाकरीचं फडकं त्याच्यापुढं ठेवलं. तो म्हणाला, उधाण उतरलं की काढून देतो सगळं, धुतलं की होईल पहिल्यासारखं. पस्तीस पावसाळे या खाडीच्या काठावर काढलेली ती बाई. खारं पाणी प्यालेलं कापड कितीही वाळवलं तरी दमट राहतं, आणि ते मीठ धुऊन काढायला लागेल एवढं गोडं पाणी या पाड्यावर आषाढाआधी येत नाही, हे तिला कोणी सांगायला नको होतं. शेताचं काम होतं. शेत कोरडं राहिलं होतं. ती उठून घरी आली, साडी बदलली आणि विरारची बस धरली.

रीमाच्या आईचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. दार रीमानंच उघडलं. जयवंतीला पाणी दिलं, पंखा वाढवला. टेबलावर फ्लॅटचे कागद पडले होते आणि रीमा त्यांच्या बाजूचं सांडलेलं पाणी पुसत होती. फडक्याला पांढरी नाडी होती. येताना एक बरोबर घेऊन आली होती ती.

जयवंतीनं घडलं ते सगळं सांगितलं. आडवळणं घेतली नाहीत. चुकले मी, असं दोनदा म्हणाली. अशा वेळी सुना म्हणतात, जाऊ द्या आई. रीमा तसं म्हणाली नाही. तिनं फडक्याची घडी घातली, उलगडली आणि पुन्हा घातली.

"बाबांना काय बोललात मग?"

"काय बोलनार? शेताचं काम होतं."

"म्हणजे माझ्यावर नुसता संशय होता, तर तुम्ही पाण्यावरच्या सगळ्या बायकांना सांगितलंत," रीमा म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "आणि त्यांनी खरंच नेलं, तर तुम्ही त्यांना भाकरी देऊन आलात."

चहा आला, तो तिनं प्यायला. अल्पेश कामावरून यायच्या आत ती निघाली. जिन्यावरून उतरताना तिला आपल्या कोपराला लावलेली ती हळद आठवली, आणि मग मात्र श्रीपतचा असा राग आला, की बसमध्ये शेजारची बाई सरकून बसली.

शनिवारी सकाळी टँकरचा भोंगा वाजला. जयवंतीनं श्रीपतच्या हातात हंडा दिला.

"मी? पान्यावर?"

"तुमीच. आनि तिथं सगल्यांना सांगायचं, गाठोडं कोनी नेलं ते."

तो म्हणाला, तू वेडी झालीस. ती म्हणाली, झाले. तो म्हणाला, दोन दिवसांनी लोक आपोआप विसरतात. ती दारात उभी राहिली आणि वाटेतून हलली नाही. श्रीपतनं हंडा खांद्यावर घेतला.

बायकांच्या रांगेत साठीचा बाप्या आला, तेव्हाच अर्धी रांग वळली. श्रीपत टँकरच्या चाकाकडे बघत काहीतरी पुटपुटला.

"ऐकू नाय आलं," जयवंती म्हणाली.

"गाठोडं मी नेलं व्हतं," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "उघाडीत घातलं. सुनेनं नाय दिलं."

"आनि मी सुनेवर खोटा आळ घेतला," जयवंती म्हणाली. "हितंच, ह्याच जागेवर. तवा तुमी सगल्यांनी ऐकलंत, आता ह्येबी ऐका."

हंड्यात पाणी पडल्याचा आवाज तेवढा येत होता. मनालीनं पदराआडून मोबाइल काढला आणि परत ठेवला. धोंडूबाईनं श्रीपतला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि जयवंतीला म्हणाली, "तरी म्हनलं, बोहारीन सुती कवापासून घ्यायला लागली." मग ठाऊक होतं तर त्या दिवशी का बोलली नाहीस, असं जयवंतीच्या ओठावर आलं होतं. पण ते विचारायचं तोंड तिला राहिलं नव्हतं. श्रीपतनं हंडा भरून डोक्यावर घ्यायचा प्रयत्न केला, तो जमला नाही, आणि सदऱ्यावर पाणी सांडत तो कमरेवरून घेऊन गेला.

घरी आल्यावर जयवंतीनं कपाट उघडलं. अल्पेशच्या लग्नात विधीसाठी श्रीपत नेसला होता ते धोतर तळाशी घडी करून ठेवलेलं होतं. अस्सल सुती, एकदाच नेसलेलं. पूजेला लागेल म्हणून इतके दिवस जपलेलं. तिनं ते बाहेर आणलं, कात्रीनं काठाला चीर दिली आणि एक टोक श्रीपतपुढं धरलं.

"धरा."

"अगं, ते..."

"धरा म्हनते ना. लादीची नाय करनार ह्याची. ओट्याची करीन."

श्रीपतनं टोक धरलं. तिनं ओढलं आणि धोतर सरळ रेषेत, टर्रकन, या टोकापासून त्या टोकापर्यंत फाटत गेलं. तिला तो आवाज ऐकून इतक्या दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं. चांगलं सुती असंच फाटतं. दुपारपर्यंत दोघं समोरासमोर उभी होती, एक धरत होता आणि एक फाडत होती. मग तिनं मशीनवर बसून दोन दोन थर जोडले, मधून आडव्या-उभ्या शिलाया मारल्या, पांढऱ्या नाड्या टाचल्या. कोपर ठणकत होतं. बोटात एकदा सुई गेली. तुकड्यांची चळत झाली, पण एकाचीही कड तिनं दुमडली नाही.

उन्हं उतरल्यावर श्रीपत चळतीपाशी आला. त्यानं वरचा तुकडा उचलून पाहिला. कडेचे दोरे आत्ताच सुटायला लागले होते.

"कडा कोन मारनार?"

"जिचं काम हाय ती."

"आनि ती नाय आली तर?" उद्या रविवार होता, हे दोघांनाही माहीत होतं.

"तर सुटू देत दोरे," जयवंती म्हणाली. तिनं तुकडा त्याच्या हातून घेतला, चळतीवर नीट ठेवला आणि मशीनवर झाकण घातलं.